अडवून ठेवलेला लॉट

खट्.

एवढाच आवाज आला. यायला हवा होता ठो. रेंजवरच्या रामसजीवनने नियमाप्रमाणे थोडं थांबून बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, काडतूस काढलं आणि माझ्यासमोरच्या लाकडी खोक्यात अलगद ठेवलं.

"मैडम, ये भी फुस्स."

"चलो, पुढचं लाव."

पुढचं उडालं. त्याच्या पुढचंही उडालं. मग पुन्हा खट्.

मी तेव्हा जबलपूरच्या एका दारूगोळा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला केमिस्ट होते. जबलपुरात फॅक्टऱ्या पुष्कळ आहेत. कोणती ते सांगत नाही, सांगून कुणाचा फायदा नाही. एकाहत्तरचा हिवाळा लागला होता. लढाई अजून जाहीर झाली नव्हती, पण येणार हे सगळ्यांना कळलं होतं. माझा नवरा रेल्वेत गार्ड. मिलिटरीच्या गाड्यांना वाट देण्यात त्याची मालगाडी तासन्‌तास साइडिंगला उभी राहायची. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू होता. रविवारही कामाचा झाल्यामुळे चर्चला जाणं सुटलं होतं.

जे उडत नव्हतं ते काय, हे आधी सांगते. काडतुसाच्या बुडाशी तांब्याची इवलीशी वाटी असते. कागदोपत्री तिला प्रायमर कॅप म्हणतात, आम्ही टोपी म्हणायचो. तिच्यात चिमटीपेक्षाही कमी मसाला असतो. घोडा दाबला की बंदुकीतली पिन टोपीवर आपटते, मसाला पेटतो, त्याने आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. टोपी पेटली नाही तर पुढचं काहीच होत नाही. जवान, त्याची बंदूक आणि त्याचं ट्रेनिंग, सगळं त्या एका वाटीच्या भरवशावर.

आमची फॅक्टरी टोप्या भरायची. एकाच मसाल्याने भरलेल्या टोप्यांचा मिळून एक लॉट. प्रत्येक लॉटमधल्या काही टोप्या रिकाम्या काडतुसांत बसवून उडवून बघायच्या, त्याला प्रूफ म्हणतात. प्रूफ पास झालं की माझी सही, आणि लॉट बाहेर. नाही झालं तर लॉट होल्ड. होल्ड हा शब्द प्रॉडक्शनवाल्यांना शिवीसारखा लागतो. लढाईच्या दिवसांत तर जास्तच.

रेंजवरून परत येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. प्रॉडक्शनचे तिवारीजी माझ्या टेबलाजवळ उभेच होते. माणूस मनाने चांगला, आवाजाने मोठा.

"मैडम, होल्ड? इस टाइम पे? ऊपर से दिन में दस फोन आते हैं मुझे!"

"फोन मी घेऊ का?"

"अरे, मज़ाक नहीं. नमी होगी. सुबह देखा कितना कोहरा था? सुखाके फिर से टेस्ट करो."

नमी म्हणजे ओल. मसाल्याला ओल लागली तर तो पेटत नाही, हे खरं. आम्ही नमुने गरम हवेच्या खोलीत ठेवले, सुकवले आणि पुन्हा उडवले. मिसफायर कमी आले. इतके कमी, की ठरलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. कागदावर लॉट पास होता.

त्याच दिवशी लढाई जाहीर झाली.

तिवारीजी पुन्हा आले. या वेळी आवाज लहान होता. "मैडम, अब तो साइन कर दो. लड़के बॉर्डर पे बैठे हैं."

मी सही केली नाही. आणि इथेच माझी पंचाईत होती. पहिल्या प्रूफला लॉट नापास होता तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं. आता तो पास होता, आणि तरी मी नाही म्हणत होते. सुकवून दोष गेला असता तर सगळाच गेला असता. तो थोडा गेला होता, थोडा राहिला होता, आणि का राहिला ते मला माहीत नव्हतं. कारण कळल्याशिवाय होल्ड उठवायचा नाही, एवढा अधिकार नियमाने मला होता. पण असा अधिकार वापरणारा माणूस एकटा पडतो, हे नियमात लिहिलेलं नसतं.

माझे साहेब राघवन. मद्रासचे, बारीक, मोजकं बोलणारे. ते इंग्रजीतच बोलत. इथे मराठीत देते.

"मिसेस पाटोळे, होल्ड कशाच्या आधारावर?"

"मिसफायरचं कारण सापडलेलं नाही, सर."

"प्रूफ लिमिटमध्ये आहे."

"काठावर आहे, सर. आणि टोप्या सुकवल्यावर."

"लढाई चालू आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, सर. म्हणूनच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारपर्यंत कारण आणा. नाहीतर सही मी करीन आणि तुम्ही का केली नाही ते लेखी द्याल."

बाहेर तिवारीजी भेटलेच. "क्यों मैडम, आपके यीशु मसीह ने मना किया है क्या?"

"नाही तिवारीजी. ते माझ्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. तेवढं तुम्हीही करा."

ते हसले. मीही हसले. पण टेबलाशी परत आले तरी डोक्यात तेच. मी सही न केल्यामुळे तिकडे एखाद्या चौकीवरच्या पोरांना काडतुसं कमी पडली तर? आणि केली, आणि नेमक्या वेळी खट् झालं तर? दोन्हीकडे पोरंच होती. माझ्या हातात ना या बाजूचा पुरावा होता, ना त्या बाजूचा.

मी आधी न उडालेल्या टोप्या उघडल्या. हे जाड काचेआडून, लांब चिमट्याने, श्वास धरून करायचं काम. मसाल्यावर कागदाइतकी पातळ पत्र्याची चकती बसवलेली असते. ती उचलली तर खाली मसाल्याच्या कडेला पांढरट साय दिसली. मेणासारखी. चिमट्याच्या टोकावर थोडी घेऊन बल्बजवळ धरली तर विरघळून पाणी झाली. पुन्हा खिडकीतल्या थंड हवेत धरली, पांढरी झाली.

थंडीत गोठणारं आणि उबेला विरघळणारं तेल कोणतं, हे मराठी बाईला लॅबमध्ये शिकवावं लागत नाही. वास घेतला. खोबरेल.

तेलाने मसाला मरतो. ओलीपेक्षा वाईट, कारण ओल सुकवता येते. गरम हवेत तेल पातळ होऊन थोडं इकडेतिकडे पसरलं असेल, म्हणून दुसऱ्या वेळी आकडे सुधारले. पण खोबरेल मसाल्यापर्यंत पोचलं कसं?

पहिला संशय हातांवर. थंडीत हात फुटतात, बायका घरून तेल लावून येतात. टोप्यांच्या सेक्शनमध्ये बहुतेक बायकाच होत्या. तिथे जाण्याआधी एक खोली लागते. तिच्या मधोमध गुडघ्याएवढी लाल फळी असते. अलीकडे चपला, बांगड्या, पिना, किल्ल्या, काडेपेटी सगळं काढून ठेवायचं. फळी ओलांडून पलीकडे गेलं की फॅक्टरीचे बिनखिळ्यांचे जोडे, खिसे नसलेला कोट आणि केसांवर घट्ट रुमाल. मी तिथे आणखी एक नियम लावला. साबणाने हात धुवा आणि ब्लॉटिंग पेपरवर दाबून दाखवा. डाग उठला तर पुन्हा धुवा.

बायका भडकल्या.

"मॅडम, या थंडीत? पाणी आहे का बर्फ!"

"आता उद्या आंघोळ घालाल की काय इथे?"

सगळ्यात मोठा आवाज मार्थामावशींचा. मार्था साबळे, अमरावतीकडच्या, आमच्याच चर्चच्या. आमच्या हिंदी चर्चमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे नात्यासारखं होतं. नवरा गेल्यावर त्या फॅक्टरीत लागल्या आणि एकट्याने मुलगा वाढवला. तो मुलगा, सॅम्युएल, पायदळात होता आणि त्या वेळी पूर्वेच्या सरहद्दीवर कुठेतरी. मावशी मला रोज एकच विचारायच्या आणि त्या दिवशीही त्यांनी विचारलं.

"हात धुते मी, दहा वेळा धुते. पण बाई, लॉट गेला का? काहून अडवून राहिलीस तू? माझं पोरगं तिकडे गोळ्यांची वाट बघून राहिलं असेल."

"जाईल मावशी. कारण सापडू दे."

"कारण, कारण! देवावर भरोसा नाही का तुझा?"

"आहे. म्हणून तर घाई नाही."

असं मी म्हणाले खरी, पण त्या उत्तरात जितकी खात्री होती तितकी माझ्यात नव्हती.

हातांच्या नियमानंतर ब्लॉटिंग पेपर कोरे करकरीत निघाले. नव्या ट्रेमधल्या टोप्या मागवून उडवल्या. तरीही मधूनमधून खट्. म्हणजे हात नव्हते. शुक्रवार उजाडला होता आणि माझ्याकडे दुसरा संशयच उरला नव्हता.

सकाळी घरातून निघताना दाराच्या कडीला हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना करायची माझी सवय आहे. लांब प्रार्थना करायला मला जमत नाही. पोळ्या, डबे आणि शिफ्ट यांतून वेळही नसतो. त्या दिवशी म्हणाले, "प्रभू, मला पुढचं काही दिसत नाही. एखादी खूण दे." म्हटल्यावर स्वतःचाच राग आला. खूण मागणं म्हणजे साहेबाला 'लेखी द्या' म्हणण्यासारखं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे लेखी मागत नाहीत.

देवाचं मार्गदर्शन म्हटलं की लोकांना वाटतं, रस्त्याच्या वळणावर पाटी दिसेल, किंवा आतून आवाज येईल. मला आजवर पाटी दिसलेली नाही आणि आवाज आला तर मी आधी कानाच्या डॉक्टरकडे जाईन. मला फक्त एवढं कळतं की आत्ता हातात जे काम आहे ते खोटं करायचं नाही. ते खरं केलं की पुढचं काम कुठून तरी समोर येतं. ते समोर आणणं माझं खातं नाही. ज्याचं आहे तो बघतो. हा माझा विश्वास. दिसायला बारीक आहे, पण त्यावर आयुष्य निघालं.

तर हातातलं काम. फॅक्टरीत चालत जाताना मला सुचलं की मी आतापर्यंत सुट्या टोप्या बघत होते. टोप्या ट्रेमध्ये ओळीने बसवून भरतात, चकत्या बसवतात, मग वेगवेगळ्या टेबलांवर बायका त्या नजरेखालून घालतात, मग वर वार्निशचा हात फिरतो. वार्निश वाळलं की ट्रे उलटा करून टोप्या डब्यात ओततात. तिथे सगळ्या एकमेकींत मिसळतात. माझ्याकडे येणारे नमुने त्या डब्यातले. कोणती टोपी ट्रेमध्ये कुठे होती, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

मी सेक्शनमध्ये गेले आणि सांगितलं, "वार्निश वाळलेला एक ट्रे द्या. ओतू नका."

"पूरा ट्रे? काहे को मैडम?"

"बघायला."

तेल चकतीच्या कडेने आत झिरपतं, आणि वर त्याच्यावर वार्निश धरत नाही. जिथे तेलाचा ठिपका असेल तिथे ते मागे सरकतं आणि टकलासारखी गोल जागा उघडी राहते. सुट्या टोपीवर ती इतकी बारीक असते की वार्निशचा साधा बुडबुडा वाटावा. मला आणि माझ्याआधी बघणाऱ्या सगळ्यांना तो तसाच वाटला होता. पण पूर्ण ट्रे मी खिडकीपाशी नेला, उन्हात तिरपा धरला, आणि ते ठिपके एकदम ओळीत उभे राहिले. मधोमध वरपासून खालपर्यंत एक ओळ. वरच्या तिसऱ्या हिश्शात दुसरी ओळ, आडवी.

क्रूस होता तो.

मी खूण मागितली होती. खूण आली, क्रूसाचीच आली, आणि ती डिफेक्ट होती.

मी दुसरा ट्रे मागवला. तोही तसाच. तिसऱ्या ट्रेवर काही नव्हतं. तो शेजारच्या टेबलावरचा. मला आणखी बघायची गरज उरली नव्हती. त्या सेक्शनमध्ये ट्रेवर क्रूस काढेल असं एकच माणूस होतं.

खोबरेल कुठून आलं तेही लक्षात आलं. थोड्या दिवसांपूर्वी नेपियर टाउनमध्ये आमची मराठी प्रार्थनासभा झाली होती. मझौलीकडून एक फिरते उपदेशक आले होते. त्यांनी खोबरेलाच्या बाटल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरोघरी वाटल्या. आजाऱ्याच्या कपाळाला लावा, प्रवासाला जाणाऱ्याच्या डोक्याला लावा. आमच्यात तेल लावून प्रार्थना करण्याची जुनी चाल आहे, त्यात वावगं काही नाही. मी बाटली घेतली नव्हती. घरात तेल होतं. मार्थामावशींनी दोन घेतल्या होत्या.

ट्रे घेऊन राघवन साहेबांकडे गेले. तिवारीजी तिथे होते. साहेबांनी ट्रे उजेडात धरला, फिरवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

"शाबास! प्लसचा आकार. म्हणजे प्रेस. चकत्या दाबणाऱ्या प्लेटवर तेल गळतंय. प्रेस खोलायला सांगा."

तिवारीजींचा चेहरा पडला. "सर, प्रेस खोला तो हफ्ता गया! अभी? लड़ाई में?"

"दुसरा उपाय आहे का?"

"सर, हे खोबरेल आहे, मशीनचं तेल नव्हे," मी म्हणाले.

"थंडीत ग्रीसही पांढरं पडतं, मिसेस पाटोळे. वास म्हणजे टेस्ट नव्हे."

मी गप्प बसले असते तर प्रेस खोललं गेलं असतं. त्यात काही सापडलं नसतं, पण साफसफाई झाली असती, एखादा फिटर बोलणी खाऊन सुटला असता, आणि मी मावशींना बाजूला घेऊन कानात सांगून हे मिटवलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण लढाई चालू असताना टोप्यांचं काम आठवडाभर बंद पडलं असतं, आणि तेही खोट्या कारणासाठी. खरं सांगितलं, तर लढाईच्या दिवसांत दारूगोळ्यात तेल घालणाऱ्या बाईला काय म्हणतील? घातपात म्हणतील. सिक्युरिटी येईल, पोलीस येतील. मुलगा सरहद्दीवर आणि आई कोठडीत.

"सर, प्रेस खोलण्याआधी मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या."

"का?"

"तेव्हा सांगते, सर."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "ठीक."

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर कडुलिंबाखाली उन्हाला बसायच्या. मार्थामावशींना मी जरा लांब, भिंतीपाशी नेलं. माझ्या हातात ट्रे नव्हता. तो आतून बाहेर आणता येत नाही. मी सरळ विचारलं.

"मावशी, ट्रेवर क्रूस काढता?"

त्या दचकल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. "तुला दिसला? मी तर हलका काढते, कुणाला दिसू नये म्हणून."

"तेल कसं नेता आत? बाटली तर नेता येत नाही."

"बाटली काहून? सकाळी डोक्याला लावून येते ना मी ते प्रार्थनेचं तेल. चांगलं चोळून. मग रुमालाखाली बोट घालायचं, टाळूला लावायचं, आणि ट्रेवर एक उभी रेघ, एक आडवी. प्रभूचं नाव घ्यायचं. टेबलावर आलेला एकही ट्रे मी तसा जाऊ दिला नाही बाई. तेवढंच माझ्या हातात आहे. कुठली टोपी सॅमच्या बंदुकीत जाईल, काय सांगावं?"

हात धुतलेले होते, ब्लॉटिंग पेपर कोरे होते, आणि तेल डोक्यावर होतं. रुमाल सारखा करतेय असंच सगळ्यांना वाटत असणार.

गोड करून सांगणं मला येत नाही. "मावशी, तेलाने टोपी मरते. लॉट अडला आहे तो त्यामुळे. ज्या टोपीवर तुमचं बोट फिरलं, ती उडेल याचा भरवसा नाही."

त्यांनी आपलं बोट उलटंपालटं करून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे सॅमने घोडा दाबला असता, आन्..."

"हो."

"गेल्या का बाई? एखादी तरी गेली का बाहेर?"

याचं उत्तर मी येण्याआधीच तपासून आले होते. प्रार्थनासभेनंतर भरलेल्या सगळ्या टोप्या त्याच एका लॉटमध्ये होत्या आणि तो लॉट होल्डवर होता. "एकही नाही. सगळ्या माझ्या कुलपात आहेत."

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू अडवून धरलंस. मी रोज तुला बोलून राहिली, आन् तू अडवून धरलंस."

"मला तरी कुठे माहीत होतं का अडवतेय ते."

"त्याला माहीत होतं."

 मी फक्त म्हणाले, "साहेबांना सांगावं लागेल. प्रेस खोलायला निघालेत ते. सिक्युरिटीही येईल कदाचित. काय होईल ते मला सांगता येत नाही."

"पोलिसात देतील?"

"माहीत नाही, मावशी. मी सोबत असेन, एवढंच माहीत आहे."

त्या उठल्या, साडी झटकली. "चल मग. डबा राहू दे."

साहेबांसमोर मावशींनी हिंदीत सगळं सांगितलं, काही न लपवता, टाळूला बोट लावून हवेत क्रूस काढूनसुद्धा दाखवला. तिवारीजींनी कपाळावर हात मारला. सिक्युरिटीचे साहेब आले. त्यांनी पहिलाच शब्द उच्चारला तो घातपात. मावशींनी माझा हात धरला. चांगलाच घट्ट धरला.

राघवन साहेबांनी तो ट्रे पुन्हा उजेडात धरला. मग सिक्युरिटीच्या साहेबांना म्हणाले, "घातपात करणारा माणूस प्रत्येक ट्रेवर स्वतःची सही करत नाही. आणि विचारल्यावर ती कशी केली ते शिकवत तर मुळीच नाही."

"पर सर, रूल..."

"रूल मला माहीत आहे. हलगर्जीपणा लिहा. जे झालं ते लिहा. त्यापेक्षा जास्त लिहू नका." मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"हो, सर."

"मग सुट्टीपर्यंत वेळ कशाला?"

"त्यांनी स्वतः येऊन सांगावं म्हणून, सर."

 साहेबांनी फोन उचलून प्रेस खोलण्याचा हुकूम रद्द केला.

पुढचं काम सोपं होतं. उरलेल्या ट्रेंचं वार्निश तिरप्या उजेडात बघून मावशींच्या टेबलावरचे ट्रे वेगळे केले. डब्यात मिसळलेल्या टोप्यांचा भरवसा नव्हता, त्या सगळ्या नष्ट केल्या. बाकीच्यांचं पुन्हा प्रूफ केलं. मी स्वतः रेंजवर उभी राहिले. रामसजीवन एकेक लावत होता आणि ठो, ठो, ठो. खट् एकदाही नाही.

"मैडम, दिवाली हो गई!"

सही केली. लॉट शनिवारी गेला. तिवारीजी स्वतः गाडीपर्यंत गेले आणि परत येताना माझ्यासाठी खोव्याची जिलेबी घेऊन आले. "आपके यीशु मसीह को मेरा प्रणाम बोलना," म्हणाले. तो निरोप मी पोचवला.

मावशींना थोडे दिवस घरी बसवलं, मग वॉर्निंग देऊन पॅकिंगला पाठवलं. तिथे सगळं बंद असतं. डबे सीलबंद, खोकी खिळे ठोकून. पहिल्याच दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला की खोक्यावर क्रूस काढला तर चालेल का. मी उलट निरोप पाठवला की चालेल, पण मनात. त्या मनात काढू लागल्या असाव्यात, कारण पॅकिंगमधून कधी तक्रार आली नाही.

लाल फळीच्या खोलीत आणखी एक नियम लागला. काम करताना डोक्याला, केसांना किंवा रुमालाला हात लावायचा नाही. नव्या मुली विचारतात, हे काहून? जुन्या बायका नुसत्या हसतात.

लढाई थोडक्यात आटोपली. सॅम्युएल परत आला, उन्हाने काळवंडलेला आणि आईपेक्षा जास्त खाणारा. ख्रिसमसला त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मावशींनी तो आल्यावर करंज्या केल्या आणि आमच्या घरी डबा पाठवला. बंदूक दर वेळी नीट चालली का, हे त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, हमेशा चली." मावशींनी ते मला येऊन सांगितलं, आणि मग विचारलं, "तर मग बाई, प्रार्थना करायची तरी कशी?"

मी पाळक नाही, केमिस्ट आहे. मला जे ठाऊक होतं तेच सांगितलं. मार्ग दाखव म्हणून देवाला सांगितलं असेल तर आपण आपलं काम नीट करावं आणि त्याच्या कामाला बोट लावायला जाऊ नये. बोटाला तेल असेल तर मुळीच नाही.